कुठली जिन चांगली? आधी सांगा, कशात घालणार आहात

शनिवारी संध्याकाळी एखाद्या मित्राचा फोन येतो. तो वाईन शॉपच्या काउंटरवर उभा असतो. (वाईन सगळ्यात कमी विकणाऱ्या दुकानाला आपण वाईन शॉप म्हणतो, हे एक असोच.) मागे रांग लागलेली असते आणि त्याला घाई असते. "पटकन सांग, कुठली जिन घेऊ?"

"कशात घालणार आहेस?" मी विचारतो.

"कशात म्हणजे? प्यायची आहे!"

हे संभाषण माझं इतक्या वेळा झालंय की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं असं वाटलं. मित्राचा गोंधळ खोटा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच दुकानात जिनचा कप्पा म्हणजे कोपऱ्यातली ब्लू रिबांड आणि तिच्या शेजारी परदेशी एक-दोन बाटल्या, त्याही धूळ खात पडलेल्या. २०१७ मध्ये गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन आली, पुढच्या वर्षी स्ट्रेंजर अँड सन्स आणि जैसलमेर आल्या, आणि मग रांगच लागली. आज त्या कप्प्यापुढे उभं राहिलं की साडीच्या दुकानात नुसतं "एक साडी दाखवा" म्हटल्यासारखी गत होते.

जिन म्हणजे दारूतला गोडा मसाला

सुरुवात अगदी मुळापासून करू. धान्य किंवा मळी आंबवून त्यापासून जवळजवळ शुद्ध, बिनवासाचा, बिनचवीचा मद्यार्क काढतात. युरोपीय नियमांनुसार तो किमान ९६ टक्के असावा लागतो. या अर्काला स्वतःचं व्यक्तिमत्त्व नसतं. त्यात सुगंधी बिया, साली, मुळं, फुलं यांचा गंध उतरवला आणि नंतर पाणी घालून तीव्रता खाली आणली की जिन तयार. या सुगंधी वस्तूंना धंद्यात 'बोटॅनिकल' म्हणतात. मी पुढे सरळ मसाला म्हणणार आहे, कारण ते आहे तेच.

गोडा मसाला घराघरांत वेगळा असतो. कुणाकडे खोबरं जास्त, कुणाकडे नागकेशर हवंच, कुणी तीळ सढळ हाताने घालतं. पण दगडफूल नसेल तर त्याला गोडा मसाला म्हणायला जीभ धजत नाही. जिनमध्ये दगडफुलाची जागा ज्युनिपरची. सायप्रसच्या कुळातल्या एका काटेरी झुडपाची ही निळसर काळी फळं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती फळं नव्हेत, पाइनच्या झाडाला लागतात तशी पण मांसल झालेली बोंडं आहेत. आयुर्वेदात तिचं नाव हपुषा, उत्तरेत हाऊबेर. ओला देवदार, किंचित राळ, थोडा कापूर आणि मागे लिंबाची हलकी झुळूक, असा काहीसा तिचा वास. कायदाही हेच मागतो: बाकी काहीही घाला, पण ज्युनिपरचा स्वाद वरचढ हवा.

दुसरा मान धण्यांचा. होय, आपलेच धणे! जगातल्या बहुतेक जिनमध्ये ज्युनिपरनंतर धणे असतात. त्यानंतर अँजेलिका नावाचं मातकट वासाचं मूळ, वाळवून मुरवलेला आयरिस फुलाचा कंद, संत्र्या-लिंबाच्या साली, ज्येष्ठमध, दालचिनीची जाडी बहीण कॅशिया. मूळच्या लंडनच्या टँकरेमध्ये मसाले फक्त चार: ज्युनिपर, धणे, अँजेलिका आणि ज्येष्ठमध. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या मंकी ४७ मध्ये तब्बल सत्तेचाळीस. सत्तेचाळीस असले म्हणून चारांपेक्षा ती सरस, असं अजिबात नाही. आजीच्या मसाल्यात जिन्नस किती होते हे कुणी मोजलं नव्हतं, भाजणं कसं होतं ते मात्र सगळ्यांना आठवतं.

मसाला दारूत उतरतो कसा?

तीन रस्ते आहेत.

पहिला काढ्याचा. मसाला मद्यार्कात भिजत घालायचा आणि मग सगळंच भट्टीवर चढवून त्याची वाफ गार करून थेंब गोळा करायचे. बीफीटरमध्ये मसाला असा चोवीस तास भिजतो आणि मगच भट्टी पेटते. यातून निघणारी जिन भरदार असते, मुळांचा आणि सालींचा जड गंधही तिच्यात उतरतो.

दुसरा रस्ता पातोळ्यांचा. हळदीच्या पानात गुंडाळून पातोळी उकडतो तेव्हा पान आपण खात नाही, पाण्यात उकळतही नाही, तरी वाफेवर त्याचा गंध आत शिरतो. बाँबे सफायरमध्ये तसंच करतात: मसाला जाळीच्या टोपलीत वर टांगलेला असतो, मद्यार्काची वाफ त्यातून जाते आणि जाताना सुगंध घेऊन जाते. म्हणून ती जिन नाजूक, फुलासारखी हलकी. (नावात बाँबे असलं तरी ती इंग्लंडात हॅम्पशायरमधल्या एका जुन्या कागदगिरणीत बनते. आपल्या मुंबईचा तिच्याशी संबंध फक्त लेबलापुरता.)

तिसरा रस्ता शॉर्टकटचा: तयार मद्यार्कात बाटलीतला स्वाद ढवळायचा. कायद्याने तीही जिनच, पण खऱ्या केवड्याच्या अर्कात आणि दुकानातल्या एसेन्समध्ये जो फरक, तोच इथे.

'लंडन ड्राय' लंडनचीच असते का?

नसते. ती पद्धत आहे, पत्ता नव्हे. कोल्हापुरी चप्पल कोल्हापूर आणि आसपासच्या ठरावीक जिल्ह्यांतलीच हवी असा हट्ट धरता येतो, कारण तिला भौगोलिक मानांकन आहे. लंडन ड्रायला ते नाही. गोव्यातही लंडन ड्राय बनते, ग्रेटर दॅन त्यातलीच.

या दोन शब्दांत ग्राहकाला मिळणारं वचन मोठं आहे: सगळा मसाला भट्टीतच घातलाय, नंतर रंग नाही, स्वाद नाही, साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमहून जास्त नाही. भट्टीतून बाहेर आल्यावर फक्त पाणी. याचा अर्थ लंडन ड्राय नसलेली जिन वाईट, असा मात्र नाही. स्कॉटलंडची हेंड्रिक्स काकडी आणि गुलाब यांचा अर्क मागाहून घालते, म्हणून ती लंडन ड्राय म्हणवून घेऊ शकत नाही. तिचे चाहते काही कमी नाहीत.

निळ्या-गुलाबी जिनचंही इथेच उरकून घेऊ. भट्टीतून येणारा प्रत्येक थेंब पाण्यासारखा स्वच्छ असतो, म्हणजे रंग दिसला की तो मागाहून आलेला. लिंबू पिळताच निळ्याची जांभळी-गुलाबी होणारी जिन पाहून पाहुणे टाळ्या वाजवतात, ती जादू बहुधा आपल्या कुंपणावरच्या गोकर्णीच्या फुलाची असते. त्यातलं रंगद्रव्य आंबटात रंग बदलतं. घरी गोकर्णीचा चहा करून लिंबू पिळा, फुकटात तोच खेळ. चवीला त्याचा उपयोग शून्य.

मग ही मसाला घातलेली व्होडकाच की!

हा आक्षेप नेहमीचा, आणि तांत्रिकदृष्ट्या अर्धा खरा आहे. दोघींचा पाया एकच. पण मग वरण आणि आमटीतही पाया एकच असतो. व्होडकाची कसोटी ती किती कमी जाणवते यात, जिनची कसोटी उलटी. हा फरक लक्षात ठेवा, कारण बाटली निवडताना पहिली चूक इथेच होते. लोक जिनमध्ये 'स्मूद'पणा शोधतात. घशाला काहीच कळलं नाही म्हणजे माल भारी, हा व्हिस्कीच्या किंवा व्होडकाच्या बैठकीतून आलेला निकष. जिन गुळगुळीत आहे पण ज्युनिपर सापडत नाही, तर तुम्ही जिनच्या भावात व्होडका घेतलीत.

लेबलवरचा सगळ्यात उपयोगी आकडा

भारतीय बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हा चमत्कारिक आकडा ब्रिटिशांचा वारसा. त्यांच्या जुन्या मापात सुमारे ५७ टक्के मद्यार्काला शंभर 'प्रूफ' म्हणत. बंदुकीची दारू त्यात भिजवूनही पेटली, तर माल बिनभेसळीचा, अशी त्या मापामागची प्रसिद्ध गोष्ट. शंभरातले पंचाहत्तर घेतले की ४२.८ येतात. म्हणून काही लेबलांवर '७५ डिग्री प्रूफ' किंवा '२५ यू.पी.' दिसतं. इथे यू.पी. म्हणजे 'प्रूफच्या खाली', उत्तर प्रदेश नव्हे. (माझ्या काकांचा वर्षानुवर्षं तसा समज होता आणि ते त्या बाटल्यांकडे संशयाने पाहत.)

हा आकडा महत्त्वाचा का? कारण जिनचा सगळा सुगंध तेलात आहे, आणि ही तेलं मद्यार्कात विरघळतात, पाण्यात नाही. युरोपात जिन ३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येते. इतक्या पाणचट जिनमध्ये तेल धरून ठेवायला जागा कमी, आणि वर बर्फ, लिंबू, टॉनिक (कडसर-गोड सोडा) पडलं की उरलंसुरलंही पळतं. अमेरिकेत विकली जाणारी बाँबे सफायर ४७ टक्के, ब्रिटनमध्ये विकली जाणारी ४०. नाव तेच, बाटली तीच, ग्लासात मात्र दोन वेगळ्या जिन. त्यामुळे कुणी परदेशातून आणलेल्या बाटलीचं कौतुक करत असेल तर आधी लेबल पालथं करून पाहा. आपल्याकडचे ४२.८ मात्र कॉकटेलला अगदी योग्य आहेत. ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या मोजक्या सोयीच्या गोष्टींपैकी ही एक.

काही जिनमध्ये गार पाणी घातलं की ती किंचित दुधाळ होते. घाबरू नका, भेसळ नाही. तेल जास्त आहे आणि ते पाण्यात विरघळायला नकार देतंय, इतकंच.

कॉकटेलची वेगळी, घोट घेण्याची वेगळी

आता मित्राच्या प्रश्नाचं खरं उत्तर.

लसणीच्या चटणीत केशर घातलं तर ते गेलं कुठे हे केशर घालणाऱ्यालाही सांगता येत नाही. नेग्रोनी ही कॉकटेलमधली लसणीची चटणी आहे. जिन, कंपारी आणि गोड व्हर्मुथ समान घ्यायचे, तिन्ही तीस-तीस मिली. यातली कंपारी कडू, लाल आणि दांडगट. व्हर्मुथ म्हणजे जडीबुटी घातलेली वाईन, तीही काही शांत बसणारी नाही. या दोघींच्या मध्ये गुलाबाच्या पाकळ्यांचा नाजूक गंध असलेली महागडी जिन घातली, तर पैसे मोरीत ओतल्यासारखेच. इथे ज्युनिपरने ठासून भरलेली, साधी, खणखणीत लंडन ड्राय हवी. टँकरे, बीफीटर किंवा ग्रेटर दॅन, यातली कुठलीही चालेल. इथे मला तरी आठशे-हजार रुपयांचा फरक जिभेवर कधी सापडलेला नाही.

गिमलेटचंही तसंच: जिन, लिंबू, साखर. पण इथे एक आपल्याकडचा मुद्दा आहे. परदेशी पाककृतीत लिंबू म्हटलं की पुष्कळदा मोठं पिवळं किंवा हिरवं लिंबू अभिप्रेत असतं. आपलं कागदी लिंबू लहान, सालीला पातळ, आणि आंबटपणाला व वासाला तिखट. पाककृतीतलं माप जसंच्या तसं घेतलं की कागदी लिंबू जिनला खाऊन टाकतं आणि मग "जिन काही खास नाही" असा शेरा तिच्या माथी येतो. मी साठ मिली जिनला वीस मिली रसापासून सुरुवात करतो, वाटलं तर वाढवतो. कोकमाचं आगळ वापरणार असाल तर त्यात आधीच मीठ असतं, तेव्हा चमचाभरच. कोकम आणि ज्युनिपर यांचं मात्र छान जमतं, दोघांनाही जंगलाचा वास आहे.

मार्टिनी हे मधलं स्टेशन. साठ मिली जिन, पाच-दहा मिली कोरडी, म्हणजे गोड नसलेली व्हर्मुथ, बर्फात ढवळून गाळलेली. ढवळताना बर्फाचं पाणी धरलं तरी ग्लासात तीसेक टक्के मद्यार्क उरतो. लपायला जागाच नाही. त्यामुळे इथे थोडा जास्त खर्च सार्थकी लागतो. सालींचा ताजा गंध हवा तर टँकरे टेन, थोडी गोलाई आणि मातकटपणा हवा तर प्लिमथ. प्लिमथच्या ब्लॅक फ्रायर्स भट्टीत १७९३ पासून जिन बनते आणि तिच्यातला ज्युनिपर ओरडत नाही, बोलतो.

आणि नुसती, घोट घोट? लोक विचारतात की जिन कुणी अशी पितं का. पितात, आणि मूळ प्रथा तीच आहे. जिनची आजी म्हणजे नेदरलँड्सची जेनेव्हर. तिच्यात माल्टच्या दारूचा अंश असतो, त्यामुळे ती व्हिस्कीच्या वाटेवरची लागते. तिथे ट्युलिपच्या आकाराचा छोटा ग्लास काठोकाठ भरतात आणि पहिला घोट ग्लास न उचलता, खाली वाकून घेतात. नैवेद्यापुढे वाकावं तसं! व्हिस्की सोडून जिनकडे वळू पाहणाऱ्याने जेनेव्हर मिळाली तर जरूर चाखावी.

जेनेव्हर हाताशी नसेल तर घोट घेण्यासाठी अशी जिन शोधा जिच्यात एकामागून एक गोष्टी उलगडतात. मंकी ४७ महाग आहे, पण ती टॉनिकमध्ये बुडवणं म्हणजे किशोरीताईंचं गाणं बँडबाजासोबत ऐकणं. जपानच्या रोकूत साकुराची फुलं-पानं, युझू हे लिंबाचं भावंड, दोन प्रकारचा हिरवा चहा आणि सांशो मिरी आहे. आपल्याकडची हपुषा ही जिन तर नावानिशी आपली: ज्युनिपर हिमालयातला, जोडीला हळद आणि आंबा. नुसत्या हपुषात एक बर्फाचा खडा टाकून बसलं की मला पहिल्या पावसानंतरची माती आठवते. हे माझं मत आहे, माझ्या बायकोला त्यात लोणच्याची बरणी आठवते.

घरच्या घरी परीक्षा

दुसऱ्यांच्या जिभेवर विसंबू नका, माझ्याही नाही. तीन मित्रांनी तीन वेगळ्या बाटल्या आणा (तीन बाटल्या एकट्याने घेणं खिशालाही नको आणि यकृतालाही). मग असं करा.

सारखे दिसणारे तीन ग्लास घ्या आणि तळाला चिकटपट्टी लावून आकडे लिहा. प्रत्येकात पंधरा मिली जिन आणि तेवढंच साधं पाणी. बर्फ नाही, फ्रिजचं पाणी नाही. गारव्याने वास मिटतो, आणि परीक्षा वासाचीच आहे. व्हिस्की जुळवणारे ब्लेंडरही वास घेताना पाणी घालून तीव्रता वीस टक्क्यांच्या आसपास आणतात. ग्लास कुणीतरी दुसऱ्याने भरावेत आणि त्यांची जागा बदलावी. लेबल दिसलं की जीभ खोटं बोलू लागते, हा स्वानुभव आहे. एकदा मी सगळ्यांत स्वस्त बाटलीचं पाच मिनिटं रसभरीत वर्णन केलं होतं आणि घरचे अजून ते काढतात.

नाक ग्लासात खुपसू नका, काठावर ठेवा आणि तोंड किंचित उघडं ठेवा. आधी ज्युनिपर सापडतो का ते पाहा, मग लिंबूवर्गीय काही, मग मसालेदार, मग फुलं. घोट घेतल्यावर गिळून दहापर्यंत मोजा: काय उरलं? चांगल्या जिनची चव तिथेच, त्या दहा आकड्यांत असते. नुसत्या मद्यार्काची जळजळ उरली तर ती बाटली टॉनिकला. चकणा नंतर. फरसाण किंवा मसाला शेंगदाणे आधी खाल्ले तर तिन्ही ग्लास सारखेच लागतील. मध्ये तोंडात टाकायला बिनमिठाचे कुरमुरे पुरतात.

मग त्याच तीन जिन, पुन्हा चिठ्ठ्या लपवून, टॉनिकबरोबर. बहुतेक वेळा क्रम बदलतो! नुसती पहिली आलेली इथे तिसरी येते. हे एकदा स्वतः अनुभवलं की "कुठली जिन चांगली" हा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारणार नाही.

जिन-टॉनिक: दोष कुणाचा आणि बोलणी कुणाला

हिशेब करून पाहा. साठ मिली जिन आणि दीडशे मिली टॉनिक म्हणजे ग्लासातल्या पाच भागांतले जवळजवळ साडेतीन भाग टॉनिकचे. तरी सगळी चर्चा जिनवर. टॉनिक जास्त गोड असेल, किंवा त्याचा गॅस गेला असेल, तर जगातली कुठलीच जिन ते वाचवू शकत नाही. म्हणून टॉनिक छोट्या बाटलीत घ्या, फ्रिजमधून थेट काढा, आणि मोठ्या बाटलीतलं उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. लेबलवर साखर पाहा. हल्ली स्वामीसारखी भारतीय टॉनिक निघाली आहेत, त्यांत कमी साखरेचाही पर्याय मिळतो. बर्फ ग्लासभर घाला. कमी बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं. जास्त बर्फ हे कंजूषपणाचं लक्षण, असा आपल्याकडे बारविषयी संशय असतो, पण घरी तसं करायला हरकत नाही.

टॉनिकचा कडवटपणा क्विनीनचा, म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीतल्या औषधाचा. मलेरियावर ते शतकानुशतकं वापरलं गेलं. ब्रिटिशांनी १८६० च्या दशकात निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सिंकोनाच्या बागा लावल्या त्या त्यासाठीच. कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून साखर, सोडा आणि जिन, असा या जोडीचा जन्म सांगतात. पण म्हणून जिन-टॉनिकने मलेरिया टळतो असं समजू नका. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन चवीपुरतंच असतं. अमेरिकेत लिटरमागे ८३ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि उपचाराची मात्रा दिवसाला ग्रॅमच्या हिशेबात जाते. ती टॉनिकमधून घ्यायची तर रोज वीसेक लिटर प्यावं लागेल. डासांसाठी मच्छरदाणीच बरी.

टॉनिकसाठी जिन निवडताना मी उलट विचार करतो: टॉनिक गोड-कडू आहे, मग जिनमध्ये काहीतरी कुरकुरीत, उजळ हवं. सालींचा गंध, गवती चहा, आलं, मिरी. स्ट्रेंजर अँड सन्समधली मिरी आणि साली टॉनिकमध्ये उठून दिसतात, जैसलमेरमधला वाळाही. वर काय घालायचं ते त्या जिनच्या मसाल्यातूनच उचला. मिरीवाली असेल तर दोन मिरे, लिंबूवर्गीय असेल तर सालीचा तुकडा. काकडी, पुदिना, रोझमेरी, स्ट्रॉबेरी सगळं एकाच ग्लासात कोंबलं की ते पेय राहत नाही, कोशिंबीर होते.

एकाएकी एवढ्या जिन का आल्या?

कारण पैशाचं आहे. व्हिस्की काढली की ती लाकडी पिंपात काही वर्षं पडून राहते. युरोपात निदान तीन. तेवढा काळ भांडवल अडकतं, आणि आपल्या उष्ण हवेत पिंपातला माल भराभर उडून जातो. जिन आज काढली की थोड्याच दिवसांत बाटलीत. नव्या उद्योजकाला एवढं पुरेसं आहे. लंडनमध्ये सिप्समिथने २००९ मध्ये लहान भट्टीचा परवाना झगडून मिळवला आणि तिथली लाट सुरू झाली. आपल्याकडे ती गोव्यात फुटली. गोव्याला काजूच्या फेणीमुळे भट्टीची ओळख होतीच, त्यात अबकारी कर सौम्य आणि गिऱ्हाईक पर्यटक.

गोव्यात स्वस्त मिळते म्हणून चार बाटल्या गाडीत टाकून आणण्याचा मोह होतो. बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' लिहिलेलं असतं आणि परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांदा नाक्यावर ते समजावून सांगितलं जातं. तसं तर महाराष्ट्रात दारू प्यायलाही परवाना लागतो, आणि बिअर-वाईन सोडून बाकी सगळ्याला वय पंचवीस.

"पण जिन म्हणजे बायकांचं पेय ना?"

हे आपल्याकडे कुणी रुजवलं कळत नाही. बहुधा क्लबातल्या 'जिन-अँड-लाइम'च्या गोडपणामुळे असेल. व्हिस्की ४२.८ आणि जिनही ४२.८. तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये दोन्हीकडे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क, आणि तो पिणाऱ्याचं लिंग विचारत नाही. अठराव्या शतकात याच जिनने लंडनच्या गरीब वस्त्यांची इतकी दैना केली होती की ब्रिटिश संसदेला १७३६ आणि १७५१ मध्ये त्यासाठी कायदे करावे लागले.

याच्या उलट टोकाचा गैरसमज म्हणजे जिन वनस्पतींची आहे, म्हणून औषधी. हळद, ज्येष्ठमध, हपुषा ऐकून आपल्याला आजीबाईचा बटवा आठवतो. भट्टीतून वर येतो तो फक्त वास, औषधी गुण मागे भांड्यात राहतात. दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय, आणि त्यात जिनला सूट दिलेली नाही.

एकच बाटली घ्यायची असेल तर

मित्र अजून काउंटरवरच आहे, रांग वाढली आहे. त्याला मी सांगतो: साधी लंडन ड्राय, ४२ टक्क्यांच्या वर, मधल्या किमतीची. ती सगळीकडे चालते. सहा महिन्यांनी, आपल्याला काय आवडतं हे कळल्यावर, दुसरी घे, आणि ती मात्र कुणाच्या कॉकटेलमध्ये जाऊ देऊ नकोस. उघडलेली जिन खराब होत नाही, पण अर्धी रिकामी बाटली वर्षभर ठेवली की सालींचा ताजेपणा विरतो. उन्हात आणि शोकेसमधल्या दिव्याखाली ठेवायची नाही. मार्टिनीसाठी फ्रीझरमध्ये ठेवली तरी ती गोठत नाही.

आणि व्हर्मुथ घेतलीस तर ती फ्रिजमध्ये. हे कळायला मला दोन वर्षं लागली. व्हर्मुथ ही वाईन आहे, उघडली की महिन्या-दोन महिन्यांत उतरते, आणि माझी शोकेसमध्ये दिमाखात उभी होती. नेग्रोनी बिघडायची, मी जिन बदलायचो. पाच जिन बदलून झाल्यावर एका बारवाल्याने आधी व्हर्मुथ हुंगायला सांगितली. आता ती फ्रिजच्या दारात, कोकमाच्या आगळाशेजारी असते. दोन्ही बाटल्या सारख्याच काळपट लाल, त्यामुळे आईने एकदा सोलकढीला भलतीच उचलली. तेव्हापासून एकीवर मार्करने मोठ्या अक्षरांत 'आगळ नाही' असं लिहिलेलं आहे.